नळीतली वस्ती

१९४८ नंतरची दोनएक वर्षं न्यूयॉर्क आणि ऑल्बनी या दोन शहरांमध्ये टपालाने काचेच्या बरण्या ये-जा करत होत्या. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ हेझन मातीतले सूक्ष्मजीव वाढवायच्या आणि त्यांतला कोणता बुरशीला मारतो ते पाहायच्या. एखादा कामाचा निघाला की तो बरणीत भरून ऑल्बनीला रेचल ब्राउन यांच्याकडे रवाना व्हायचा. ब्राउन रसायनशास्त्रज्ञ. बरणीतलं औषधी द्रव्य त्या वेगळं काढत आणि तपासायला उलट टपाली पाठवत. दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला होत्या. हेझनबाईंनी व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतावरून माती आणली होती. तिच्यातल्या जिवाणूने अखेर त्यांना हवं ते दिलं. शेताचे मालक नोर्स, म्हणून जिवाणूचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस नोर्सेई. औषधाला राज्याचं नाव मिळालं, निस्टॅटिन. १९५० मध्ये ते जाहीर झालं. पुढे या औषधाच्या स्वामित्वधनातून मिळालेले सव्वा कोटी डॉलरहून जास्त पैसे दोघींनी संशोधनाला देऊन टाकले.

या औषधाची निकड पेनिसिलिनने आणि त्याच्या भाऊबंदांनी निर्माण केली होती. प्रतिजैविकांनी शरीरातले जिवाणू मरू लागले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बुरशीने हातपाय पसरले. तान्ह्या बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर, कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टाळूवरची लाली, या दुखण्यांमागे असणारी ही बुरशी म्हणजे कँडिडा अल्बिकन्स. नावातले दोन्ही लॅटिन शब्द पांढऱ्या रंगाचेच आहेत. नाव ठेवणाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसावं. एरवी ती आपल्या तोंडात, आतड्यात निमूट राहते. पण आजाराने खंगलेल्या माणसाच्या रक्तात शिरली, तर जीव घेते.

निस्टॅटिन पोटातून रक्तात जात नाही आणि शिरेतून देता येत नाही. त्यामुळे ते तोंडापुरतं आणि त्वचेपुरतंच राहिलं. रक्तातल्या बुरशीवर इलाज सापडला व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत. ते औषध ॲम्फोटेरिसिन बी, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर हाती आलेलं. हे नाव मराठी घरांत २०२१ च्या उन्हाळ्यात पोचलं. करोनातून उठलेल्या माणसाला म्युकरमायकोसिस झाला, की नातेवाईक याच इंजेक्शनासाठी जिल्हाभर फोन फिरवत होते. औषध जालीम खरं, पण ते रोग्यालाही सोडत नाही. हुडहुडी भरते, ताप चढतो, मूत्रपिंडं दुखावतात. डॉक्टरांनी आपसांत त्याचं नाव ‘ॲम्फो-टेरिबल’ ठेवलं होतं.

या शोधाशोधीत आपलं पिंपरीही होतं. पिंपरी-चिंचवडकर ज्या कारखान्याला आजही नुसतं ‘एच.ए.’ म्हणतात, त्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून १९६१ मध्ये हॅमायसिन मिळवलं. हेही निस्टॅटिनच्याच कुळातलं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव जीवशास्त्राच्या लॅटिन यादीत जावं, हा मान महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना मिळाला असेल.

ऑल्बनी असो, ओरिनोको असो की पिंपरी, औषधाची परीक्षा सगळीकडे एकाच रीतीने होत असे. परीक्षानळीत पोषक द्रव घ्यायचा, त्यात बुरशीच्या सुट्या पेशी सोडायच्या आणि औषधाची मात्रा वाढवत न्यायची. ज्या मात्रेला पेशींची वाढ थांबेल, तो आकडा औषधाची ताकद म्हणून लिहायचा. १८८० च्या दशकात रॉबर्ट कॉख यांनी एकेक जंतू वेगळा काढून वाढवण्याची शिस्त घालून दिली, तेव्हापासून सूक्ष्मजीवशास्त्र याच वाटेने चाललं होतं. त्या शिस्तीने फार मोठी कामं केली. मात्र तिच्यात एक गोष्ट धरून चाललेली होती, की द्रवात सुटा पोहणारा जंतू हाच खरा जंतू. रोग्याच्या शरीरात तो तसा राहतो का, हे विचारायची वेळ यायला प्लॅस्टिक यावं लागलं.

१९६८ मध्ये फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी दाखवून दिलं, की तोंडाने काहीच घेऊ न शकणाऱ्या रोग्याला हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून पूर्ण अन्न देता येतं आणि त्यावर तान्हं मूलसुद्धा वाढतं. वैद्यकाच्या दृष्टीने हा केवढा मोठा पल्ला होता! १९७० च्या दशकात महिनोन्महिने आत ठेवायच्या सिलिकोनच्या नळ्या आल्या, त्यांना ब्रोव्हिॲक आणि हिकमन या डॉक्टरांची नावं मिळाली. जोडीला कृत्रिम झडपा, पेसमेकर, कृत्रिम सांधे होतेच. माणसाच्या शरीरात अशा वस्तू वस्तीला आल्या, ज्यांना रक्तपुरवठा नाही आणि ज्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा पहारा नाही.

१९७१ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इशारा छापून आला होता. शिरेतून अन्न घेणाऱ्या रोग्यांच्या रक्तात बुरशी सापडत होती. पुढच्या वर्षांत अतिदक्षता विभागांतल्या डॉक्टरांना एक चक्र पाठ झालं. बुरशीचं औषध सुरू करावं, ताप उतरावा, औषध थांबवावं आणि काही दिवसांत ताप परत हजर. प्रयोगशाळा मात्र सांगे की हीच बुरशी याच औषधाने मरते. शेवटी वैतागून नळी काढली, की ताप जाई. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझरच्या संशोधकांनी फ्लुकोनॅझोल तयार केलं. १९९० मध्ये ते अमेरिकेतही मान्य झालं. गोळी घ्यावी इतकं सोपं आणि मूत्रपिंडांना न दुखावणारं. तरीही नळीचं कोडं जागच्या जागी होतं.

उत्तराचा धागा आला तो बुरशी अभ्यासणाऱ्यांकडून नव्हे, ओढ्यातल्या दगडांवरून.

बिल कॉस्टर्टन हे कॅनडाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. तरुणपणी पंजाबात बटाला येथल्या बेअरिंग कॉलेजात त्यांनी जीवशास्त्र शिकवलं होतं. पुढे कॅल्गरी विद्यापीठात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोंगरी ओढ्यांतलं पाणी तपासलं. वाहत्या पाण्यात जिवाणू मोजकेच होते, पण तळच्या दगडांवर त्यांची दाटी होती आणि ते सगळे स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात रुतून बसले होते. नदीत पाय घातलेल्या कुणालाही दगडावरची बुळबुळ ठाऊक असते. मोरीच्या फरशीवर, महिनोन्महिने न घासलेल्या पिंपाच्या आत तीच असते. कॉस्टर्टन यांनी १९७८ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातून म्हटलं, की जिवाणूंचं खरं घर ही बुळबुळ आहे आणि पाण्यात सुटं पोहणं हा त्यांचा प्रवास. या थराला बायोफिल्म हे नाव रूढ झालं. १९८० च्या दशकात पेसमेकरच्या तारेवर आणि लघवीच्या कॅथेटरवर असेच थर सापडले, आणि त्यांतल्या जिवाणूंना सुट्या जिवाणूंच्या कितीतरी पट प्रतिजैविक पचत होतं.

खरं तर हे तीनशे वर्षांपूर्वी एका डच कापडव्यापाऱ्याच्या नजरेला आलं होतं. लेवेनहुक यांनी दातांवरचं किटण भिंगाखाली पाहिलं आणि आतले हलते जीव व्हिनेगरने मारून पाहिले. किटण दातावर असताना व्हिनेगरने वरवरचेच मेले. आतले शाबूत राहिले. त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलंही, पण त्या निरीक्षणाचं पुढे कुणी काही केलं नाही.

बुरशीकडे हा विचार वळवला ग्लासगो विद्यापीठातल्या ज्युलिया डग्लस यांनी. त्या आणि स्टीफन हॉसर यांनी प्रत्यक्ष वापरातल्या कॅथेटरच्या छोट्या चकत्या कापल्या, त्यांच्यावर कँडिडाच्या पेशी चिकटू दिल्या आणि दोन दिवस वाढवल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी आणि लांब तंतू यांचं दाट जाळं दिसलं. लॅटेक्सवर ते अधिक माजलं, पॉलियुरेथेनवर कमी. हे १९९४ मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या चकत्या औषधात बुडवल्याचा अहवाल दिला. त्या काळी वापरात असलेली पाच औषधं घेतली होती. थरातल्या बुरशीचं चयापचय निम्म्यावर आणायला जेवढं औषध लागलं, ते परीक्षानळीत सुटी बुरशी रोखणाऱ्या मात्रेच्या ३० ते २,००० पट निघालं. सर्वांत जालीम मानलेल्या ॲम्फोटेरिसिनचा प्रभाव तर या पाचांत सगळ्यात कमी पडला.

दोन हजार पट मात्रा कुणाही माणसाच्या रक्तात देता येत नाही. प्रयोगशाळेतलं ‘मरते’ आणि खाटेवरचं ‘मरत नाही’ दोन्ही खरं कसं, याचा उलगडा या एका आकड्यात होता. चकतीवरची बुरशी आणि परीक्षानळीतली बुरशी एकच होती. फरक एवढाच, की चकतीवर तिने घर बांधलं होतं.

आता प्रश्न उरला, हे घडतं कसं? पुढची पंधरा वर्षं या एका प्रश्नात गेली. मला हा भाग या इतिहासातला सगळ्यात रंगतदार वाटतो, कारण प्रत्येक प्रयोगशाळेला वाटलं की किल्ली आपल्याला सापडली, आणि प्रत्येक वेळी दार तेवढ्याने उघडलं नाही.

पहिली शंका साधी होती. थरातल्या पेशी उपाशी असतात आणि हळू वाढतात, म्हणून औषध त्यांच्यावर चालत नसेल. डग्लस यांच्याच प्रयोगशाळेत जॉर्ज बेली यांनी १९९८ मध्ये थरातली बुरशी वेगवेगळ्या वेगांनी वाढवून पाहिली. जलद वाढणाऱ्या थरातल्या पेशीही ॲम्फोटेरिसिनला दाद देईनात. दुसरी शंका, औषध त्या चिकट थरातून आत पोचतच नसेल. २००४ मध्ये औषध थराच्या पलीकडे किती पोचतं ते मोजलं गेलं. पोचत होतं. कुठे उशिरा, कुठे लवकर, पण पोचत होतं आणि तरीही पेशी जगत होत्या.

दरम्यान अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलँडला महमूद घन्नूम यांच्या प्रयोगशाळेत ज्योत्स्ना चंद्रा आणि सहकाऱ्यांनी कवळीसाठी वापरतात त्या ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवर कँडिडा वाढवली आणि वस्ती वसण्याची अख्खी प्रक्रिया तासांनिशी मांडली. पहिल्या अकराएक तासांत सुट्या पेशी चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. तिसाव्या तासापर्यंत त्यांच्याभोवती गिलावा साचू लागतो. अडतीस ते बहात्तर तासांत गोल पेशी, तंतू आणि गिलावा मिळून जाड, पक्की वस्ती उभी राहते. वस्ती जसजशी पक्की होई, तसतसं औषध निष्प्रभ होत जाई. हे २००१ साल. त्याच वर्षी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोहून गॉर्डन रॅमेज आणि होसे लोपेझ-रिबो यांनी ९६ खाचांच्या ताटलीत अशी वस्ती वाढवून औषध तपासायची सोपी रीत दिली. रंग बदलला तर बुरशी जिवंत, नाही बदलला तर मेली. ही रीत जगभर गेली आणि चकत्या कापत बसायची गरज संपली.

मग आली पंपांची गोष्ट. कँडिडाच्या पेशीपटलात आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकणारे पंप असतात, आणि चिकटल्यावर काही तासांतच बुरशी ते जोमाने चालू करते. वाटलं, सापडलं! पण सॅन अँटोनियोच्या चमूने पंपांची जनुकंच काढून टाकलेली बुरशी घेतली. सुट्या अवस्थेत ती फ्लुकोनॅझोलने पटकन मेली. वस्ती पक्की झाल्यावर मात्र तीही मरेना. २००३ मध्ये क्लीव्हलँडच्या प्रणव मुखर्जी यांनी याचा मेळ घातला. पंप कामाचे आहेत, पण सुरुवातीपुरते. पुढे बुरशी आपल्या पटलातलं एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्यच कमी करत जाते. ॲम्फोटेरिसिन याच द्रव्याला चिकटून पटलाला भोकं पाडतं आणि फ्लुकोनॅझोल याचीच निर्मिती तोडतं. औषधाने ज्यावर नेम धरला, तेच बुरशीने आवरतं घेतलं.

२००६ मध्ये बोस्टनहून किम लुईस यांच्या गटाने आणखी एक चकवा दाखवला. वस्तीवर ॲम्फोटेरिसिनचा मारा केला तर बहुतेक पेशी मरतात, पण शेवटी एक चिमूटभर उरतात आणि मात्रा कितीही वाढवली तरी त्या जात नाहीत. या पेशी बदललेल्या वंशाच्या नव्हत्या. त्यांच्यापासून नवी वस्ती वाढवली की तिच्यातही बहुतेक पेशी मरत आणि पुन्हा चिमूटभरच उरत. जिवाणूंतल्या अशा चिवट पेशींना जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच ‘पर्सिस्टर’ म्हटलं होतं. दोनच वर्षांत ग्लासगोहून उत्तर आलं, की कँडिडाच्या काही प्रजातींत असल्या पेशी सापडत नाहीत. म्हणजे हीही किल्ली सगळ्या कुलपांची नव्हती.

माझ्या मते या शोधाला खरं वळण दिलं ते मॅडिसनमधल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने. जेनिएल नेट आणि डेव्हिड अँडिस यांनी गिलावा कशाचा बनलाय तेच तपासायला घेतलं. त्यांच्याकडे उंदरांच्या शिरेत खरीखुरी नळी बसवलेला नमुना होता, नुसत्या ताटल्या नव्हत्या. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की वस्तीतल्या पेशींच्या भिंतीत आणि गिलाव्यात बीटा-ग्लुकान नावाची शर्करा साचते आणि ती फ्लुकोनॅझोलला आपल्याशी धरून ठेवते. किरणोत्सारी खूण केलेलं औषध सोडल्यावर वस्तीतल्या पेशींच्या भिंतीला ते सुट्या पेशींपेक्षा चार-पाच पट जास्त चिकटलं. गिलावा विरघळवणारं विकर सोबत दिलं, की औषध पुन्हा लागू पडायला लागलं. उलटा प्रयोगही केला. सुट्या पेशींच्या नळीत नुसतं ग्लुकान मिसळलं, तर त्यांच्यावरचा औषधाचा परिणामही घटला. औषध आत पोचतं आणि तरीही काम करत नाही, हा २००४ चा गुंता इथे सुटू लागला. ते पोचत होतं, पण मातीच्या भिंतीने पाणी शोषावं तसं वाटेत शोषलं जात होतं. २०१४ मध्ये याच गटाने रॉबर्ट झार्नोव्स्की यांच्या नावे गिलाव्याची पूर्ण मोजदाद दिली. निम्म्याहून जास्त प्रथिनं, पाव भाग शर्करा, उरलेल्यात मेद आणि थोडी न्यूक्लिइक आम्लं. हा गिलावा सगळ्या वस्तीच्या वर्गणीतून उभा राहतो.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियात क्लॅरिसा नोबिले आणि अलेक्झांडर जॉन्सन यांनी या बांधकामाचे मुकादम मोजले. सहा नियामक प्रथिनं, आणि त्यांच्या हुकमतीखाली हजाराच्या आसपास जनुकं. एवढी मोठी यंत्रणा बुरशीने आपल्या औषधांसाठी उभारली नसणार, हे उघड आहे. ती लाखो वर्षं सस्तन प्राण्यांच्या अंगावर वस्त्या करते आहे. औषधांना टक्कर देणं हा त्यातून निघालेला आयता फायदा.

इलाजाच्या बाजूने एक बरी बातमी २००१ मध्येच आली होती, जरा अनपेक्षित ठिकाणाहून. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या लोझोया नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका बुरशीपासून कॅस्पोफंजिन तयार झालं. हे औषध एर्गोस्टेरॉलला हातच लावत नाही, ते ग्लुकान बनवणारं विकर बंद पाडतं. गिलावा आणि भिंत ज्या द्रव्याची, त्याचीच खाण बुजवतं. २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या प्रयोगांत दिसलं, की पक्क्या वस्तीवर जी थोडी औषधं चालतात, त्यांत हे आहे आणि मेदाच्या वेष्टणातलं ॲम्फोटेरिसिन आहे. २०२१ मध्ये आपल्याकडे ज्याच्यासाठी धावाधाव झाली, तेच ते ‘लायपोसोमल’. २०१२ मध्ये अँडिस आणि सहकाऱ्यांनी सात चाचण्यांतल्या १,९१५ रोग्यांची माहिती एकत्र तपासली. कॅस्पोफंजिनच्या कुळातलं औषध आणि नळी काढून टाकणं, या दोन गोष्टींचा संबंध कमी मृत्यूंशी दिसला. अमेरिकी संसर्गतज्ज्ञांच्या नियमावलीत हे दोन्ही आज वरच्या ओळींत आहेत.

नळी काढा, हे लिहायला सोपं. ज्या रोग्याच्या हातापायांच्या शिरा सुया टोचून संपल्या आहेत, त्याच्या एकुलत्या चालत्या शिरेतली नळी कशी काढणार? मग नळीतच दाट औषध किंवा अल्कोहोल भरून तासन् तास कोंडून ठेवायचे प्रयोग होतात. कृत्रिम झडप काढायची तर छातीच उघडावी लागते.

आणि तोवर नवीन भाडेकरू आला होता. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध रोग्याच्या कानात सापडला म्हणून त्याचं नाव कँडिडा ऑरिस. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. काही वर्षांतच तो दिल्लीच्या रुग्णालयांत, मग जगभर दिसला. त्याच्यावर अनेक औषधं सुट्या अवस्थेतही चालत नाहीत, आणि वस्ती करायलाही तो तयार. ऑक्सफर्डमध्ये, मुख्यतः एका अतिदक्षता विभागात, २०१५ ते २०१७ या काळात ७० रोग्यांच्या अंगावर तो सापडला. भिंती, खाटा, हवा तपासून झाली. हाती फारसं काही लागलं नाही. शेवटी माग लागला काखेत ठेवायच्या तापमापकांचा. पुसून पुन्हा वापरायची ती छोटी उपकरणं काढून टाकली, तेव्हा साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली. सर्वांत वरच्या गटातल्या चार नावांत ऑरिस आहे आणि आपली जुनी अल्बिकन्सही.

ग्लासगोच्या त्या चकत्यांना तीस वर्षं झाली. रक्तात बुरशी सापडली की तिचा नमुना आजही तपासणीला जातो, आणि तिथे तिच्या सुट्या पेशी द्रवात सोडून त्यांच्यावर औषधाची मात्रा चढवत नेतात. १९९७ मध्ये प्रमाणित झालेली रीत मुळात तीच. चोवीस तासांनी अहवाल येतो. औषधाच्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर असतं. अर्थ, बुरशी या औषधाने मरते. डॉक्टर तो वाचतात, औषध लिहून देतात आणि सिस्टरना नळी काढायचा ट्रे आणायला सांगतात.